त्याच उंबऱ्यावर पुन्हा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ ऑक्टोबर

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तू जे सांगितलेस, ते माझ्या मनातून जात नाही. भोगावतीकाठच्या त्या गावात १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने, तू समाजमंदिरात कार्यक्रम घेतलास. वीस दिवस तयारी केलीस, सरपंचांना भेटलीस, फलक छापून घेतलास, आणि आलेल्या अकरा जणांमध्ये चार आशाताई, दोन ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि तीन मांडववाले होते. उरलेल्या दोघींपैकी एक बाई मागच्या रांगेतून मध्येच उठून गेली. हे तू ओघात सांगितलेस आणि लगेच विचारलेस, की मावशी, माझे कुठे चुकले, भाषा जड झाली का, छोटे व्हिडिओ करून मोबाइलवर पाठवू का, की हे सगळे सोडून पुण्याला नोकरी बघू. मला त्या वेळी तुझा राग आला होता आणि तो मी गिळला. उठून गेलेल्या बाईबद्दल तू एक वाक्य बोललीस आणि फलकाबद्दल अर्धा तास, याचा तो राग होता.

ती बाई का उठली, हे तू विचारायला गेलीस का? नाही गेलीस. चार दिवस झाले.

ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घरासाठी ‘मानसिक आरोग्य’ असे लिहिलेल्या फलकाखाली खुर्चीवर बसणे म्हणजे गावासमोर कबुली देणे असते. ज्यांच्या घरी काही नाही, त्यांना यायचे कारण नाही. ज्यांच्या घरी आहे, त्यांना येण्याची सोय नाही. घरच्यांना आजार कळत नाही, असे आपण शिकलेली माणसे धरून चालतो, आणि ते खरे नसते. त्यांना पुष्कळ कळते. त्यांची भीती वेगळी असते. मला एका आईने फार पूर्वी सांगितले होते, “पोराचं डोकं फिरलंय म्हंतील लोकं, आनि माज्या पोरीला स्थळ यायचं बंद हुईल.” या वाक्यात आजाराविषयीचे अज्ञान कुठे आहे? हा सोयरिकीचा, पाहुण्यारावळ्यांचा, चार माणसांत बसण्याउठण्याचा हिशेब आहे, आणि तो बाईने अगदी अचूक केलेला आहे. तिचा हिशेब पत्रकाने बदलत नाही. आपले घर कळूनही कुणीतरी आपल्या घरी येते, ओट्यावर बसते, चहा पिते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येते, हे गावाने पाहिले म्हणजे तो हळूहळू बदलतो.

म्हणून माझे म्हणणे एकच आहे, आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा लिहिणार आहे: त्याच उंबऱ्यावर पुन्हा जा.

तुझ्या फलकावर ‘मानसिक आजार हा मेंदूचा आजार आहे’ असे वाक्य होते. तुझा हेतू मला कळतो. कुणी रुग्णाला दोष देऊ नये, त्याला ढोंगी म्हणू नये, असे तुला वाटले. परंतु गावाने ते वाक्य कसे ऐकले असेल? मेंदूच बिघडला म्हणजे आता कायमचे, असे. अभ्यासकांनाही हेच आढळलेले आहे, की अशा स्पष्टीकरणाने दोष देणे थोडे कमी होते, पण हा माणूस बरा होणार नाही ही समजूत घट्ट होते. कलंक कमी करण्याच्या उपायांचा जगभरातून धांडोळा घेणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये आला, तेव्हा त्यातही सर्वाधिक भर होता तो प्रत्यक्ष संपर्कावर, म्हणजे ज्याने हा आजार भोगला आहे त्या माणसाची आणि इतरांची समोरासमोर गाठ पडण्यावर. मला तो अहवाल वाचून आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले, कारण हे कळायला मला एका मुलाची कित्येक महिन्यांची कैद लागली होती.

ते तुला मी कधी सांगितलेले नाही.

१९९८ चा पावसाळा होता. पन्हाळा तालुक्यातल्या एका गावात बावीस वर्षांचा एक मुलगा होता, तालमीत घुमलेला, अंगाने दांडगा. त्याला आवाज ऐकू येऊ लागले होते आणि जेवणात कुणीतरी काही कालवते, असे वाटून त्याने घरचे अन्न सोडले होते. त्याच्या आईला तयार करायला मला सहा खेपा लागल्या. कोल्हापुरात ओळखीचे कुणी भेटेल म्हणून तिने मिरजेला दाखवायचे ठरवले, आणि मीच त्यांना एसटीने घेऊन गेले. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या दिल्या. येताना ती माउली माझा हात सोडत नव्हती. मी घरी आले आणि मनात त्या घरापुढे बरोबरची खूण केली.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाची मान एका बाजूला वाकडी झाली, जबडा आवळला, जीभ जड पडली. त्या काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी, विशेषतः तरुण मुलांमध्ये, पहिल्या काही दिवसांत असे होत असे. एका इंजेक्शनाने ते थोड्या वेळात उतरते. पण घरात हे सांगणारे कुणी नव्हते. त्यांनी जे पाहिले त्याचा अर्थ त्यांच्या परीने लावला: औषधामुळे बाहेरचे खवळले. गोळ्या उकिरड्यावर गेल्या. मी दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेले, तेव्हा तो मुलगा गोठ्यात होता, दावणीच्या खांबाला साखळीने बांधलेला, आणि त्याची आई माझ्याशी बोलली नाही.

मधल्या काळात मी काय करत होते? मी भाषणे देत होते. त्या चार महिन्यांत मी महाविद्यालयांतून, महिला मंडळांतून आणि एका मोठ्या परिषदेत मिळून सहा भाषणे दिली, आणि सहाही भाषणांचा विषय मानसिक आजाराविषयीचे गैरसमज हा होता. टाळ्या पडल्या. त्यांतले एक भाषण कमी करून मी आठव्या दिवशी पन्हाळ्याच्या गाडीत बसले असते, तर त्या मुलाच्या पायाला तो व्रण राहिला नसता. पुढे तीन वर्षांनी, ६ ऑगस्ट २००१ ला, तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, ती बातमी वाचताना मला तो गोठाच दिसत होता. आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने माणसाला साखळीने बांधायला मनाई केलेली आहे, परंतु गोठ्यापर्यंत कायदा आपल्या पायांनी चालत जात नाही. कुणीतरी जावे लागते.

म्हणून सांगते, त्याच उंबऱ्यावर पुन्हा जा, आणि केव्हा जायचे तेही नीट समजून घे. उदासीनतेच्या आजारावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, तोंड कोरडे पडणे, ग्लानी हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. म्हणजे माणसाला आधी त्रास भेटतो आणि गुण नंतर. या मधल्या फटीत गोळ्या सुटतात, देवऋषी येतो आणि ‘डॉक्टरकडे नेऊनही काही झालं नाही’ असे वाक्य गावभर फिरते. त्या वाक्याने दहा घरांची दारे बंद होतात. तुझी दुसरी खेप पहिल्या दहा दिवसांतच पडली पाहिजे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. ही आकडेवारी तू कार्यक्रमात वाचून दाखवलीस. या उपचाराविना राहिलेल्यांत एकदा गोळ्या घेऊन सोडलेलेही असतात, हे तुझ्या लक्षात आले होते का?

देवऋषीशी भांडू नकोस, हेही सांगून ठेवते. तुझ्या वयात मी भांडले आणि दोन घरे गमावली. मारहाण, चटके, कोंडून ठेवणे दिसले तर तिथे तडजोड नाही, त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण अंगारा लावायचा असेल तर लावू दे, आणि गोळीही घेऊ दे. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच सोबत घेऊन दवा आणि दुआ एकत्र चालवण्याचा प्रयोग झालेला आहे. बाईच्या श्रद्धेला हात घातलास, तर तिच्या उंबऱ्यावर तुला दुसऱ्यांदा पाय ठेवता येणार नाही, आणि दुसऱ्यांदा जाता आले नाही तर पहिल्यांदा गेल्याचा काही उपयोग नाही.

आपल्या गावात याचा धडा शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना. शाहू महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून चहा मागवत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. जातीचा विटाळ आणि आजाराचा कलंक यांना मी एका मापाने मोजत नाही. पहिल्यातला अन्याय फार मोठा आणि फार जुना आहे. पण रीत पाहा. महाराजांजवळ सत्ता होती, त्यांना हुकूम काढता येत होते आणि त्यांनी ते काढलेही, तरी स्वतः जाऊन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या कपाला ओठ लावणे त्यांना आवश्यक वाटले.

तू म्हणशील, अशाने किती घरे होणार? हा प्रश्न मला ज्या संस्थेत मी काम करत होते तिथेही विचारला गेला. वर्षाला किती लाभार्थी, किती कार्यक्रम, किती छायाचित्रे. मी दरमहा तीच एकोणीस घरे लिहून देत असे आणि ‘नवीन’ या रकान्यात शून्य. शेवटी मला ती संस्था सोडावी लागली. माझ्यामागे माझ्या कामाला ‘चहापाण्याचे काम’ म्हटले गेले, हे मला ठाऊक आहे. मी हट्टी होते, बैठकांमध्ये मी कठोर बोलले, आणि थोडे नमते घेतले असते तर कदाचित एखादी गाडी, एखादी सहकारी मिळून एकोणिसाची चाळीस घरे झाली असती, हा विचार रात्री मला आजही छळतो. पण त्या एकोणीस घरांपैकी चौदा घरांत औषध टिकले. २०१९ च्या महापुरानंतर शिरोळकडे शेकडो लोक मदत घेऊन गेले आणि पाणी ओसरताच परतले; माणसे खचली ती त्यानंतर, पंचनामे होऊन ऊस कुजलेला दिसल्यावर, आणि तेव्हा मी तिथे होते. माझे चुकले असेल ते वागण्यात. मोजमापाबाबत माझे चुकले नाही, आणि ते मी तुझ्यासमोरही मागे घेणार नाही.

त्या गोठ्यातल्या मुलाचे काय झाले, हे तू विचारशीलच. दिवाळीनंतर मी दर पंधरवड्याला गेले. पहिले पाच वेळा त्याची आई पाणीसुद्धा विचारत नव्हती. सहाव्या वेळी तिने पाट टाकला. दुसऱ्या डॉक्टरांनी औषध बदलून दिले, साखळी सुटायला पुढचा शिमगा उजाडला. कुस्ती परत आली नाही. आज तो पन्नाशीला आला आहे, हंगामात गुऱ्हाळावर चुलवाण सांभाळतो, गोळी रोज घेतो, आणि मी बोलावले की माझ्याबरोबर घरोघरी येतो. तो फार बोलत नाही. “मला बी आवाज यायचं,” एवढेच म्हणतो, आणि समोरची आई त्याच्याकडे जशी पाहते तशी ती माझ्याकडे तीस वर्षांत कधी पाहिलेली नाही.

पुण्याला जायचे की नाही, ते तू ठरव. त्यावर मी बोलणार नाही. मात्र त्याआधी त्या बाईकडे जाऊन ये. येत्या मंगळवारी सकाळी ८ वाजता रंकाळा स्टँडवर ये, मी आणि तो दोघेही असू. टी-शर्ट घालू नकोस, पत्रके आणू नकोस. गावातल्या आशाताईला बरोबर घे, रक्तदाब तपासायला आलो म्हणजे शेजाऱ्यांना विचारायला काही उरत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, क्रमांक कागदावर लिहून पिशवीत ठेव, पण पहिल्या दिवशी तो काढू नकोस. ‘तणाव’, ‘नैराश्य’ हे शब्द बोलू नकोस. तिला रात्री झोप लागते का, ते विचार, आणि ती जेवढे सांगेल तेवढे ऐकून घे. दार उघडले नाही तर ओट्यावर दहा मिनिटे बसून परत येऊ. त्यानंतरच्या गुरुवारची गाडी मी आताच बघून ठेवली आहे.

तुझी,
मावशी