चौथी पट्टी आधी की बाळ आधी?

“मी २९ वर्षांची, ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. लॉगबुकात उड्डाणाचे ११५० तास, एटीपीएलचे (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सचे) पेपर पास. आम्हाला मूल हवंय. पण आत्ता थांबले तर कमांड, म्हणजे कॅप्टनची चौथी पट्टी, मागे पडेल, बरोबरचे मुलगे पुढे निघून जातील, आणि वर्षभर विमानापासून लांब राहून उडवण्यावरचा हात जाईल अशी धास्ती वाटते. कॅप्टन होईपर्यंत थांबू का?”

कॅप्टन होईपर्यंत थांबू नकोस. एटीपीएलला लागणारे १५०० तास भरेपर्यंत थांबता आलं, तर मात्र जरूर थांब.

एटीपीएल बऱ्यापैकी तुझ्या हातात आहे. ३५० तास बाकी आहेत. महिन्याला ७० मिळत असतील तर पाच महिन्यांत होतील. कमांड तुझ्या हातात नाही. नवी विमानं कधी येतात, जागा किती निघतात, यादीत तुझ्यावर किती जण आहेत यावर ती ठरते. ती दोन वर्षं लांबली, तर पाळणाही दोन वर्षं लांबवणार का? लॉगबुक आजच काढून बस, कारण नुसते १५०० पुरत नाहीत. आंतरराष्ट्रीय किमान निकषात रात्रीचे १०० आणि इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडवल्याचे, ७५ तास लागतात. शिवाय कमांडचे, म्हणजे विमानाची प्रमुख म्हणून उडवल्याचे, २५० लागतात. त्यात स्वतःच्या कमांडचे निदान ७० असले, तर उरलेले कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रमुखाचं काम केल्याचे चालतात. नाहीतर सगळे देखरेखीखालचेच ५०० लागतात. गाडं अडतं ते या देखरेखीच्या तासांवर, कारण कॅप्टनची सही त्या त्या वेळी घेतलेली नसते आणि वर्षभराने तो कॅप्टन दुसऱ्याच कंपनीत गेलेला असतो. पास झालेल्या पेपरांची मुदत कधी संपते तेही बघून ठेव. रजेच्या मधोमध ती संपली, तर सगळा अभ्यास पुन्हा करावा लागेल.

आता दिवस राहिल्यानंतरचं. चाचणी पॉझिटिव्ह आली की आधी मेडिकल एक्झामिनरला (वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला) फोन, मग कंपनीला. तोवर रोस्टरवरची ड्यूटी उचलायची नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार गरोदर वैमानिक अनफिट धरली जाते. गर्भारपण कमी जोखमीचं आहे असं प्रसूतितज्ज्ञाने सांगितलं आणि देखरेख चालू राहिली, तरच फिट. तीही बाराव्या आठवड्याच्या अखेरीपासून सव्विसाव्याच्या अखेरीपर्यंतच, अशी शिफारस आहे. तुझ्या देशाचा नियम याहून कडक असू शकतो, म्हणून एक्झामिनरकडून लेखी घे. मळमळीच्या कित्येक गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे कुठलीही गोळी त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

मधल्या चौदा आठवड्यांत उडायचं ठरवलंस, तर किरणोत्सर्गाचा हिशोब स्वतः मांड. जेटच्या उंचीवर तासाला साधारण ३ ते ५ मायक्रोसिव्हर्ट मिळतात. गर्भारपण कळवल्यापासून बाळाला एकूण १ मिलिसिव्हर्टच्या, म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्टच्या आत ठेवावं, अशी शिफारस आहे. महिन्याला ७० तास धरले तर सव्वातीन महिन्यांत २२८ तास होतात. ४ ने गुणलं की ९१२. म्हणजे मर्यादेला टेकलीसच. ध्रुवांकडे जाल तसा डोस वाढतो. रोस्टरिंगकडे छोटे, कमी उंचीचे सेक्टर, म्हणजे उड्डाणाचे टप्पे, माग आणि रात्रीच्या ड्यूट्या कमी करून घे. हे मागताना संकोच करू नकोस.

खुर्चीचंही बघ. ए३२० मध्ये बाजूला साइडस्टिक असते, त्यामुळे समोरचा योक (विमानाचा हँडल) पोटाला लागायचा प्रश्न तुला नाही, पण पोट वाढलं की खुर्ची नकळत मागे सरकते. दर उड्डाणाआधी रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल पूर्ण दाबून त्याच पायाने पूर्ण ब्रेक दाब. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल, तर त्या दिवशी तू विमान नेऊ नयेस. कमरेचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या सांध्यावर यायला हवा.

रजेवर जाण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी लेखी घे: ज्येष्ठता क्रमांक रजेत तसाच राहतो का, ट्रेनिंग बाँडचा काळ गोठतो की चालू राहतो, उड्डाणभत्ता थांबल्यावर हातात नेमकं किती येतं, आणि लायसन्स गमावल्याच्या विम्यात गर्भारपण धरलंय का. ‘मुलगे पुढे जातील’ या धास्तीचं खरं उत्तर पहिल्या प्रश्नात आहे.

आणि हात? हात फारसा जात नाही, जाते ती नजर. विमान सरळ ठेवणं आठवतं, पण स्पीडवरून व्हर्टिकल स्पीडवर डोळा जायला एक क्षण जास्त लागतो, कॉलआउट, म्हणजे मोठ्याने सांगायच्या सूचना, उशिरा निघतात, फ्लो (स्विचांचा पाठ क्रम) मधेच तुटतो. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाले नाहीत की रिसेन्सी, म्हणजे अलीकडच्या सरावाची अट, जाते, वर्षातून दोनदा होणारी प्रोफिशियन्सी तपासणीही बहुधा चुकलेली असेल. म्हणजे सिम्युलेटर आलाच, आणि मग इन्स्ट्रक्टरबरोबर लाइन ट्रेनिंग, म्हणजे नेहमीच्या उड्डाणांवरचा सराव. सहा आठवडे आधीपासून कॉकपिटचं पोस्टर भिंतीवर लाव. इंजिन सुरू झाल्यानंतरचा फ्लो, स्पॉयलर आर्म, रडर ट्रिम, फ्लॅप, पिच ट्रिम, तोंडाने म्हणत बोट ठेवून कर. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज.

सिझेरियन झालं, तर पोटाच्या स्नायूंचं आधी बघ. एक इंजिन बंद पडल्यावर विमान सरळ ठेवायला रडर एका पायाने दाबून धरावा लागतो, आणि तो जोर पोटातून येतो. फिजिओथेरपिस्टला पेडलचं सांगूनच व्यायाम ठरव. बाळंतपणानंतर पुन्हा मेडिकल झाल्याखेरीज उडता येत नाही. त्या तपासणीत झोप, रडू येणं, उदासी, जे असेल ते सांग. वेळेवर उपचार घेतले तर या उदासीतून बाहेर पडता येतं.

परत आल्यावर पहिल्या काही सेक्टरांत, ब्रीफिंगमध्येच कॅप्टनला सांग: “मी अकरा महिन्यांनी आले आहे, रात्री बाळ दोनदा उठलं होतं, माझा कॉल चुकला तर लगेच टोका.” आणि रात्र त्याहून वाईट गेली असेल, तर घरूनच फोन करून ड्यूटी सोड.