वाचकांचे प्रश्न : नदीचा येवा उणे कसा?

प्रश्न : एका नदीच्या ३० वर्षांच्या वार्षिक येव्याची (वर्षभरात वाहून येणाऱ्या पाण्याची) सरासरी २०० दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ९० आहे. नॉर्मल वितरण लावून ९९ टक्के विश्वासार्हतेचा येवा (शंभरातल्या ९९ वर्षी निदान एवढं पाणी येईल असा) काढला, तर उत्तर उणे ९ आलं. चुकलं कुठे?

उत्तर : २०० − २.३२६ × ९० हे गणित बरोबर आहे (२.३२६ हा नॉर्मल वक्राचा ९९ टक्क्यांसाठीचा गुणक), वितरणाची निवड चुकली. नॉर्मल वक्र सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखाच पसरतो. पाणी मात्र शून्याखाली जात नाही, आणि अतिवृष्टीच्या वर्षी सरासरीच्या दुपटीवरही जातं. विचलन भागिले सरासरी करून पाहा. तुमच्याकडे ते ०.४५ आहे. एवढ्या चढउताराला लॉग-नॉर्मल किंवा गॅमा ही शून्याखाली न जाणारी वितरणं घ्यावीत.

लॉग-नॉर्मल असं : ०.४५ च्या वर्गात १ मिळवून नैसर्गिक लॉग घ्या, ०.१८४ येईल. त्याचं वर्गमूळ ०.४२९, हे लॉगचं विचलन. २०० चा लॉग ५.२९८, त्यातून ०.१८४ चा अर्धा वजा केला की ५.२०६, ही लॉगची सरासरी. आता ५.२०६ − २.३२६ × ०.४२९ = ४.२०८, आणि उलट लॉग घेतल्यावर ६७ दलघमी. गॅमाने हेच उत्तर सुमारे ५१ येतं.

सोळा दलघमींचा फरक नुसत्या वक्रामुळे पडला. येवे उतरत्या क्रमाने लावून क्रमांकाला ३१ ने (वर्षांची संख्या अधिक एक) भागलं, तर तुमचं सर्वांत कोरडं वर्षसुद्धा ९७ टक्क्यांपाशी थांबतं. त्यापुढचं सगळं वक्राच्या भरवशावर, तेव्हा दोन्ही आकडे अहवालात द्या.

७५ टक्क्यांना मात्र नॉर्मल, लॉग-नॉर्मल, गॅमा यांची उत्तरं १३९, १३७ आणि १३४ येतात. इथे वक्रावरून वाद घालण्यात अर्थ नाही, नोंदी तपासा. उदाहरणार्थ, कृष्णेचा ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा तिच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांवरून २,०६० टीएमसी धरला. त्याच वाटपासाठीच्या नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षं घेतली आणि तो २,१७३ झाला.

प्रश्न : वरच्या बाजूला मध्येच धरण झालं असेल तर?

उत्तर : मग ती एक मालिका राहत नाही. धरणानंतरच्या प्रत्येक जलवर्षात (१ जून ते ३१ मे) कालव्यातून आणि उपशाने गेलेलं पाणी, बाष्पीभवन आणि साठ्यातली वाढ मोजलेल्या प्रवाहात मिळवा. साठा घटला असेल तर ती घट वजा करा. हे न करता लावलेला वक्र कागदावर छान बसतो, पण तो दोन वेगळ्या नद्यांचा असतो.