पंप बदलायच्या आधी
इंधनाचं प्रेशर कमी पडतंय म्हणून गाडीचा नवा फ्युएल पंप लगेच मागवू नकोस. मीही तेच केलं होतं. शेवटी दोषी निघाली पंपाची गंजलेली अर्थिंग!

आधी इंधनाच्या लाइनवर प्रेशर गेज लाव. आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) प्रेशर ठीक दिसलं म्हणून भुलू नकोस, खरं काय ते लोडवर, म्हणजे इंजिनावर जोर असताना, कळतं. टर्बो असेल आणि रेग्युलेटरला (इंधनाचं प्रेशर राखणारा भाग) इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणारा भाग) नळी जोडलेली असेल, तर १ बार बूस्टला (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) इंधनाचं प्रेशरही १ बार वाढायला हवं. बेस (ती नळी काढून मोजलेलं प्रेशर) ३ असेल तर ४. सुई मागे पडली की थ्रॉटल सोड, लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) चाललेलं इंजिन पिस्टन वितळवतं.

मग बघ:
- इंधनाचा फिल्टर
- चालू पंपाच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, तेही लोडवर
- रेग्युलेटरची नळी

इंधनाच्या लाइनचा जोड सोडण्याआधी प्रेशर उतरव. मॅपला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली इंधनाची सेटिंग) तोवर हात लावू नकोस.