वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ संपादनाचा संगणक थंड कसा ठेवावा?

प्रश्न : मी लग्नसमारंभ आणि जत्रेतली दशावतारी नाटके यांचे चित्रीकरण करतो आणि संपादनही घरीच करतो. कोअर आय५-१२४०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घालून सुमारे ८० हजार रुपयांत नवा संगणक जोडून घेण्याचा विचार आहे. दुकानदार म्हणतो की, गोव्याच्या उकाड्यात व्हिडिओचे काम करायचे तर २४० मिलिमीटरच्या वॉटर कूलरशिवाय (द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणाऱ्या संचाशिवाय) गत्यंतर नाही. खोलीत एसी नाही. प्रोसेसरच्या खोक्यात येणाऱ्या पंख्यावर काम भागणार नाही का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : भागेल, पण आपल्या कामाचे स्वरूप पाहता मी तो सुचवणार नाही. वॉटर कूलरही सुचवणार नाही. दोन-अडीच हजार रुपयांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा, चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) असलेला साधा टॉवर एअर कूलर (पंखा लावलेला, धातूच्या पात्यांचा उभा मनोरा) घ्यावा आणि वाचलेले पैसे हवेशीर कॅबिनेट व चांगला यूपीएस यांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आहे आणि पूर्ण जोर लावला तर तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. टाइमलाइनवर कापाकापी करताना हा जोर क्षणभर लागतो आणि ओसरतो. परंतु तीन तासांच्या नाटकाचे एक्सपोर्ट (संपादित कामाची अंतिम व्हिडिओ फाइल बनवणे) लावले की तोच भार तास-तासभर हटत नाही. खोक्यातला छोटा पंखा अशा वेळी पूर्ण वेगाने फिरतो, त्याची घरघर संपादनाच्या खोलीत नकोशी होते आणि तरीही तापमान चढतच राहते. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोहोचल्यावर तो स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो, त्यामुळे तो जळण्याची भीती बाळगू नये. मात्र एक्सपोर्टला लागणारा वेळ वाढतो, आणि लग्नसराईत तोच वेळ आपल्याकडे नसतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एअर कूलर असो की वॉटर कूलर, दोन्ही अखेर खोलीतल्या हवेतच उष्णता सोडतात. म्हणून खोलीच्या तापमानाखाली कोणताही कूलर प्रोसेसरला नेऊ शकत नाही. परदेशी चाचण्यांतले आकडे बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. मे महिन्यात आपली खोली ३३ अंशांवर असेल, तर त्या आकड्यांत आठ ते तेरा अंश आपणच मिळवायचे. तेवढे मिळवूनही चांगला टॉवर कूलर या प्रोसेसरला मर्यादेच्या बराच खाली ठेवतो, आणि याच कारणासाठी वॉटर कूलरचा जादा खर्च मला अनाठायी वाटतो.

वॉटर कूलरला माझा तात्त्विक विरोध नाही. दोनशे वॅटच्या वर जाणाऱ्या मोठ्या प्रोसेसरला त्याचा खरा उपयोग होतो. त्यातले द्रव तापायला वेळ लागतो, त्यामुळे पहिली काही मिनिटे तो फारच थंड भासतो. दुकानात पाच मिनिटांची चाचणी दाखवतात तेव्हा गिऱ्हाईक खूश होते ते याचमुळे. द्रव एकदा तापून स्थिरावले की मध्यम प्रोसेसरवर दोहोंतला फरक थोडाच उरतो. शिवाय त्यात पंप असतो, आणि पंप बंद पडला तर संपूर्ण कूलर बदलावा लागतो, कारण हे बंद संच दुरुस्त करता येतील असे बनवलेलेच नसतात. टॉवर कूलरमध्ये हलणारा भाग एकच, तो म्हणजे पंखा. तो बिघडला तर पणजीत किंवा मडगावात दुसरा घेऊन आपला आपल्याला बसवता येतो. ऐन हंगामात, उद्या सीडी-पेनड्राइव्ह द्यायचा आहे आणि यजमानांचे फोन येत आहेत, अशा वेळी हा फरक फार मोठा ठरतो.

स्वस्त मदरबोर्डच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. प्रोसेसरला वीज पुरवणारे घटक त्याच्या कडेलाच असतात आणि एच६१० सारख्या स्वस्त बोर्डांवर त्यांना पुष्कळदा हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसतो. टॉवर कूलरच्या पंख्याचा थोडा वारा त्यांनाही लागतो. वॉटर कूलरमध्ये पंखे दूर रेडिएटरवर (द्रव थंड करणाऱ्या जाळीवर) जातात आणि हे घटक वाऱ्याविना तापत राहतात.

आता कॅबिनेट. दुकानदाराने प्रोसेसरचा विचार केला, पण आपल्या संगणकातली सर्वांत मोठी शेगडी ग्राफिक्स कार्ड ही आहे. आरटीएक्स ३०६० एकटे १७० वॅटपर्यंत वीज घेते आणि ती सगळी उष्णता कॅबिनेटमध्ये ओतते. पुढे सबंध काच असलेले, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट दिसते देखणे. पण हवा आत शिरायला वाटच नसेल, तर कितीही महाग कूलर तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. पुढची बाजू जाळीची असावी, पुढून आत ओढणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक पंखा असावा, जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर असावा. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नये आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा.

खरेदीपूर्वी उंची जुळवून पाहावी. डीपकूल एके४०० हा या वर्गातला परिचित कूलर १५५ मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती त्याहून अधिक हवी. कूलरच्या पेटीत आपल्या प्रोसेसरच्या एलजीए१७०० सॉकेटचे (मदरबोर्डवरच्या बैठकीचे) ब्रॅकेट आहे ना, हेही विचारावे, कारण दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालात ते नसते. बसवताना शक्य तर समोर उभे राहावे. कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची पापुद्र्यासारखी पट्टी चिकटवलेली असते. ती काढायची राहून गेली तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आणि धातू यांच्यामध्ये प्लास्टिकच राहते आणि संगणक सुरू होताच तापमान चढते. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू एकदम एका बाजूने न आवळता तिरके, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सर्वत्र सारखा बसतो.

पैसे न घालता उष्णता कमी करण्याचेही मार्ग आहेत. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) दीर्घ भाराची वीजमर्यादा ६५ वॅटवर ठेवता येते. एक्सपोर्ट थोडे रेंगाळते, पण तापमान आणि आवाज दोन्ही चांगलेच उतरतात. नावाअखेरीस 'एफ' असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. ते असेल आणि आपले सॉफ्टवेअर त्याचा वापर करत असेल, तर कॅमेऱ्याच्या फायली उलगडण्याचे काम त्याच्याकडे जाते आणि प्रोसेसरच्या मुख्य कोअरांवरचा भार हलका होतो.

संगणक हाती आल्यावर आपलेच एखादे अर्ध्या तासाचे काम एक्सपोर्टला लावावे आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान व वेग पाहत राहावे. तापमान ८० ते ८५ अंशांच्या आत स्थिर असेल आणि वेग मध्येच कोसळत नसेल, तर कूलर आपले काम चोख करत आहे.

प्रश्न : आमचे घर कळंगुटला समुद्रालगत आहे. जुन्या संगणकाचे स्क्रू गंजले. संपादनासाठी एसी बसवला आहे, पण पावसाळ्यात आत पाणी धरेल का? वॉटर कूलर घातल्यास हा धोका वाढेल का?
— एक वाचक, कळंगुट

उत्तर : वॉटर कूलरमुळे दव धरत नाही, कारण त्यातले द्रव खोलीतल्या हवेपेक्षा थंड होतच नाही. धोका असतो तो एसीच्या वापरात. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड पृष्ठभागावर पाणी धरते. एसी २० वर ठेवून खोली गार केली, संगणक बंद केला आणि लगेच खिडक्या उघडल्या, तर बाहेरची दमट हवा त्या गार पत्र्यावर ओलावा सोडते. एसी २६ किंवा २७ वर ठेवावा, त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये आणि काम संपल्यावर खिडक्या तासभर तरी बंद ठेवाव्यात. चालू संगणक स्वतः उबदार असतो, त्यामुळे त्याच्या आत दव धरण्याची भीती नाही. खाऱ्या हवेत महिनोन्‌महिने बंद पडलेला संगणकच जास्त गंजतो. म्हणून काम नसले तरी जून ते सप्टेंबर या काळात तो अधूनमधून तास-दोन तास चालवावा. प्लास्टिकचे आवरण घालू नये, ते दमटपणा आतच कोंडते. कूलर निवडताना निकेलचा मुलामा दिलेला मिळाल्यास तो घ्यावा.

प्रश्न : डिचोलीत तांबडी धूळ फार बसते. कूलर किती दिवसांनी आणि कसा साफ करावा?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : पुढचा फिल्टर पंधरवड्याने धुऊन पूर्ण वाळवून लावावा, कूलरच्या पात्या उन्हाळ्यात महिन्याने आणि पावसाळ्यात दोन महिन्यांनी साफ केल्या तरी पुरते. संगणक बंद करून वायर काढावी, तो पडवीत न्यावा आणि पात्यांमधली धूळ आधी मऊ ब्रशने सुटी करून मग ब्लोअर मारावा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण वाऱ्याच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. ओले फडके आत लावू नये. दमट दिवसांत ही धूळ पात्यांवर चिखलासारखी घट्ट बसते, म्हणून मुख्य सफाई मे महिन्यात, पहिला पाऊस पडण्याआधी उरकावी.