पावसात सडा चालल्याशिवाय सही नको

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाहूवाडीच्या सड्यावर, त्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, एप्रिलमध्ये चार दिवस फिरलीस, करपलेल्या गवताशिवाय काही सापडलं नाही, आणि बॉक्साइट खाणीच्या अहवालासाठी मे संपायच्या आत वनस्पतींची यादी द्या म्हणून साहेब मागे लागलेत. जुन्या फ्लोरातून, म्हणजे वनस्पतींच्या नोंदग्रंथातून, नावं घेऊन तक्ता भरू का, असं विचारतेस. नाही. पावसात सडा चालल्याशिवाय सही करू नकोस.

खाणीच्या पर्यावरण अभ्यासाच्या ठरलेल्या अटींत पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी मागतात, हे मलाही ठाऊक आहे. हवेतली धूळ मोजायला ते चालत असेल. सड्याचं जगणं मात्र जून ते ऑक्टोबर एवढंच. पहिल्या सरींबरोबर काळी मुसळी फुलते, फोडशीची पानं वर येतात. श्रावण-भाद्रपदात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, कवला. कुठे कड्याला कंदीलपुष्प. मग सोनकी, की संपलं. बाकीचे महिने हे सगळं कंद नाहीतर बी होऊन जांभ्याच्या खाचेत, बोटभर मातीत पडून असतं. मे महिन्यात शाळेत जाऊन 'गावात पोरं नाहीत' असं कुणी लिहितं का?

मी लिहिलं होतं. तुझ्याच वयाचा होतो, पहिलीच नोकरी. उन्हाळ्यातली यादी: करवंद, अंजनी, जांभूळ, हिरडा. खाली ओळ टाकली, 'दुर्मीळ जाती आढळल्या नाहीत'. आढळल्या नाहीत हे खरंच होतं, त्यावर मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. घरी बहिणीचं लग्न होतं, वरिष्ठांनी तारीख दिली होती, हेही खरं. पुढच्या भाद्रपदात त्याच पठाराच्या न खणलेल्या कडेला गेलो तर पायाखाली गेंदाचा पांढरा गालिचा. पलीकडे लाल खड्डा. तिथे पुढे माती पसरून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, हिरवं दिसतं. पण पाणी धरून ठेवणारं जांभ्याचं कवचच गेलं, तिथे गेंद कशावर उगवणार?

म्हणून सांगतो, पावसात चाल. तीन फेऱ्या कर: मृगात, श्रावणअखेर, आणि पाऊस ओसरताना. झाडं मोजायचे एक मीटरचे चौकोन कागदावर सरसकट आखू नकोस. डबकी, ओल्या खडकाचे उतार, मातीचे खोलगट भाग, भेगा, प्रत्येकाचे वेगळे घे. गेंदाची जात फुलाशिवाय ओळखता येत नाही, कधी त्याचं बी मायक्रोस्कोपखाली पाहावं लागतं, तेव्हा फोटोवर विसंबू नकोस. अडलं तर शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जाऊन नमुने ताडून बघ. धनगरवाड्यावरच्या बायकांना रानभाज्या विचार. आणि खाणीच्या जागेची यादी भोवतालच्या दहा किलोमीटरच्या यादीत मिसळू देऊ नकोस. तसं झालं की सडा वडा-पिंपळांत हरवतो.

साहेब थांबत नसतील तर एप्रिलची यादी एप्रिलची म्हणूनच दे. तारखा टाक, 'पावसाळी वनस्पतींची पाहणी झालेली नाही' हे वाक्य पहिल्याच पानावर लिही. ते वाक्य खोडलं तर तुझं नाव काढून घे. नोकरी जाईल, असं म्हणशील. माझ्या दोन गेल्या. हिच्या बांगड्या गहाण पडल्या, पोराची फी थकली, आणि लोक मला हेकट म्हणाले. असेन. पण त्या पहिल्या सहीनंतर पाऊस न पाहता दुसरी केली नाही, आणि त्याबद्दल घरच्यांशिवाय कुणाची माफी मला मागावीशी वाटत नाही.

तू घाबरली आहेस, ते अक्षरावरून कळतं. रविवारी रंकाळ्याकडे घरी ये, जेवूनच जा. नमुने दाबून वाळवायचा माझा लाकडी प्रेस न्यायचा आहे तुला. रद्दीही बांधून ठेवली आहे; पावसात कागद रोज दोनदा बदलावे लागतात, नाहीतर नमुन्यांना बुरशी धरते.

तुझा,
सर