वाचकांचे प्रश्न : नेब्रास्कातली छोटी गावं

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यात आलो आहोत. आसपासच्या गावांची नावं क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन अशी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने कशी? आणि पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते मधेच बाजूला का सरकतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याकडे गाव जुनं असतं, रेल्वे मागून येते. तिथे बहुतेक ठिकाणी उलटं झालं. बर्लिंग्टन अँड मिसुरी रिव्हर रेल्वे १८७१-७२च्या सुमारास पश्चिमेकडे रूळ टाकत निघाली आणि स्टेशनांना ओळीने नावं देत सुटली. ग्राफ्टनच्या पुढे हार्वर्ड, इनलंड, जुनिॲटा, केनेसॉ, लोवेल. यातली काही आज वस्तीपुरतीच उरली आहेत. दोन गावांत साधारण सात ते दहा मैल अंतर, कारण धान्याची घोडागाडी घेऊन निघालेला शेतकरी दिवसाउजेडी घरी परतला पाहिजे. वाफेच्या इंजिनालाही थोड्या थोड्या अंतरावर पाणी लागायचं.

रस्त्यांची आखणी याहून जुनी. १७८५च्या कायद्याने जमीन ६ मैल लांब, ६ मैल रुंद अशा टाउनशिपांत मोजायचं ठरलं. एका टाउनशिपचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्याचा चतकोर १६० एकर. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला मिळायचा तो हाच. नेब्रास्कात १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांसाठी राखले होते. रस्ते या सेक्शनांच्या हद्दींवरून गेले.

घोळ पृथ्वी गोल असल्यामुळे झाला. रेखांश उत्तरेकडे एकमेकांजवळ येतात, म्हणून टाउनशिप वरच्या बाजूला अरुंद होत जाते. ही तूट साचू नये म्हणून मोजणीदार ठरावीक अंतरावर, नेब्रास्कात दर २४ मैलांवर, पूर्व-पश्चिम रेघ मारून तिथून पुन्हा पूर्ण ६ मैल मोजायला लागत. रेघेच्या वरच्या आणि खालच्या हद्दी त्यामुळे जुळत नाहीत आणि रस्ता तिथे सरकतो. रात्री अनोळखी कच्च्या रस्त्याने जाताना वेग आवरा. सरळ गेलात तर थेट मक्यात.

प्रश्न : गावात चर्चपेक्षा उंच काँक्रीटचे गोल बुरूज दिसतात. आत नेमकं काय चालतं? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : ते एलेव्हेटर, धान्याचं कोठार. बरेच सहकारी आहेत, आपल्या साखर कारखान्यासारखे सभासदांच्या मालकीचे. भरलेला ट्रक काट्यावर येतो, नळी खुपसून नमुना काढतात आणि ओलावा तपासतात. मग माल जाळीतून खालच्या खड्ड्यात ओततात, बादल्यांचा पट्टा तो वर नेतो, आणि वरून नळ्यांनी हव्या त्या कोठीत सोडतात. रिकामा ट्रक पुन्हा काट्यावर. धान्य तिथे बुशेल या मापाने मोजतात. मक्याचं बुशेल ५६ पौंडांचं (सुमारे २५.४ किलो), सोयाबीनचं ६० पौंडांचं.

वाद ओलाव्यावरून होतात. १००० बुशेल मका २० टक्के ओलाव्याचा आणला आणि हिशेब १५ टक्क्यांवर धरला, तर नुसतं पाणी वजा जाऊन ९४१ बुशेल उरतात. वाळवणीचा खर्च वेगळा. ही कपात म्हणजे काटामारी नव्हे.

ओला मका साठवला तर तापतो, बुरशी धरतो, वर कडक थर जमतो. खालून धान्य उपसलं की त्या थराखाली पोकळी होते, आणि थर फोडायला वर चढलेला माणूस काही सेकंदांत कमरेपर्यंत रुततो. तिथून त्याला हाताने ओढून काढता येत नाही. म्हणून आत उतरण्याआधी उपसणी बंद करून तिच्या स्विचला कुलूप लावतात. धान्याच्या धुळीचा स्फोटही होतो. तिथे सिगारेट पेटवू नये.

प्रश्न : चर्चच्या पॉटलकचं (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचं) आमंत्रण आहे. आम्ही शाकाहारी. काय न्यावं, काय टाळावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ९ बाय १३ इंची ट्रेमध्ये बसेल असं काहीही न्या, पण ट्रेच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहा, सगळ्यांचे ट्रे सारखेच असतात. मटार-बटाट्याची कमी तिखट भाजी सहज संपते. तिथल्या फरसबीत बेकनचे तुकडे असू शकतात. रंगीत जेलो (थलथलीत जेली) ‘सॅलड’ म्हणून मांडलेलं दिसेल, पण त्यातलं जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांचं असतं. बटाट्याच्या कॅसरोलमध्ये (ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थात) चिकन सूप आहे का, ते करणाऱ्या बाईंनाच विचारा. राग येत नाही कुणाला, उलट रेसिपी लिहून मिळते.