साखर नॉर्मल, मग इन्सुलिन का तपासायचं?

प्रश्न : उपाशीपोटी साखर ९६, इन्सुलिन १८. साखर तर नॉर्मल आहे, तरी डॉक्टर इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. कसं काय? – एक वाचक, इंदूर

उत्तर : इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंडाला ते जास्त बनवावं लागतं. साखर ९६ वर ठेवायला त्याला किती राबावं लागतंय, ते १८ हा आकडा सांगतो. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागा : ९६ × १८ ÷ ४०५ = ४.२७. हाच होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा. २.५ च्या वर गेला की बरेच डॉक्टर सावध होतात. मात्र सर्वमान्य अशी एकच सीमा नाही. रिपोर्टवर साखर मिलिग्रॅमऐवजी मिलिमोलमध्ये असेल तर ४०५ ऐवजी २२.५ घ्या. इन्सुलिनची इंजेक्शनं चालू असणाऱ्यांनी हे गणित करूच नये.

आकडा बिघडतो तो बहुतेक रक्त देण्याआधीच. तुमच्या इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकराला गराडू (तळलेला कंद) खाऊन सकाळी सहाला हात पुढे केला, तर उपास सातच तासांचा! किमान आठ, ट्रायग्लिसराइडही (रक्तातली चरबी) बघायचं असेल तर दहा-बारा तास हवेत. साधं पाणी चालतं, चहा नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्यांच्यामुळे इन्सुलिन खोटंच कमी दिसतं. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तरी तेच होतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ शेरा असेल तर रक्त पुन्हा द्या.

इन्सुलिन मुळात लाटालाटांनी स्रवतं, म्हणून एकाच रिपोर्टवर घाबरू नका. काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा आणि सोबत कमरेचा घेरही मोजा.